जीर्णोद्धार कोणाचा?

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याचे आमचे जुने घर आवरण्याचा योग आला. आई जाऊन चार वर्षे झाली होती. घरास कुलूप होते, आणि मी जळगावास अध्यापनाच्या व्यापात असल्याने ते कुलूप वर्षातून दोनदा उघडण्यापलीकडे माझ्या हातून काही होत नव्हते. माळ्यावरील ट्रंका, पितळी भांडी, पंचांगांचे गठ्ठे खाली उतरवता उतरवता सर्वांच्या मागे, फाटक्या सतरंजीत गुंडाळलेली एक लाकडी पेटी हाती लागली. घुमटासारखे वळलेले झाकण, माथ्यावर धरावयाची कडी, एका अंगास किल्लीचे भोक. हाताने फिरवावयाच्या शिवणयंत्राची ही पेटी ज्यांनी आपल्या आजोळी पाहिली असेल, त्यांस अधिक वर्णन नको. यंत्र आत होते. त्याच्या काळ्या अंगावरील सोनेरी वेलबुट्टीही बरीचशी शाबूत होती. पेटीची मात्र दशा झाली होती. झाकणाचे पापुद्रे खालच्या कडेस सुटून पुस्तकाच्या पानांसारखे उलगडले होते, तळाचा एक कोपरा वाळवीने खाल्ला होता, आणि एके काळी ज्यात तोंड दिसे ते पॉलिश काळवंडून, आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखे भेगाळले होते.

ही पेटी मी दुरुस्त करवून घेतली. एवढ्याशा घरगुती गोष्टीने या मासिकाची पाने का अडवावी, असे वाचक विचारतील. त्यास उत्तर इतकेच, की या कामात एक नैतिक प्रश्न माझ्यापुढे आला; तो मला प्रथम अगदी सोपा वाटला, आणि तो तसा नव्हता. जीर्ण वस्तू पूर्वस्थितीस आणू पाहणारा मनुष्य कोणाचे काय देणे लागतो, हा तो प्रश्न होय.

प्रथम वस्तूची कुळकथा सांगितली पाहिजे. यंत्राच्या क्रमांकाआधी 'वाय' हे इंग्रजी अक्षर आहे. त्यावरून ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे, सिंगर कंपनीच्या अवाढव्य कारखान्यात, दोन महायुद्धांच्या दरम्यान तयार झाले, असे ठरते. तो कारखाना १९८० साली बंद पडला. त्याची यंत्रे मात्र जगभर अजून चालतात. हिंदुस्थानात या कंपनीचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांच्या देखरेखीखाली वाढला. यंत्र हप्त्यांनी मिळे, त्यामुळे रोख रक्कम जवळ नसलेल्या शिंप्यांस आणि गृहस्थांसही ते घेता येई. कलकत्त्यास 'उषा' यंत्रे तयार होऊ लागली ती पुढे, गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात. आमच्या आजीने हे यंत्र हप्त्यांनीच घेतले होते, आणि शेवटचा हप्ता फेडला त्या दिवशी तिने त्यास हळदकुंकू वाहिले होते, असे आई सांगत असे.

यंत्रांच्या विरोधकांत अग्रणी मानले जाणारे गांधीजी या एका यंत्रापुढे मात्र नमले होते. १९२४ साली एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्रास आपल्या निषेधातून स्पष्टपणे वगळले, आणि त्याचे कारणही सांगितले. आपली पत्नी टाके घालता घालता शिणते हे पाहून सिंगरने केवळ प्रेमापोटी हे यंत्र निर्माण केले, असा त्यांचा समज होता. गोष्ट गोड आहे, पण इतिहास तीस दुजोरा देत नाही. एलियस हौ याने १८४६ सालीच शिवणयंत्राचे पेटंट घेतले होते. आयझॅक सिंगर याने त्यात सुधारणा करून १८५१ साली आपले पेटंट मिळवले ते द्रव्यार्जनासाठी, आणि त्याचा संसार पाहता पत्नीप्रेमाचे उदाहरण म्हणून त्याचे नाव कोणी घेणार नाही. गांधीजींनी ही कथा जाणूनबुजून सजवली, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. जी वस्तू आपल्यास प्रिय असते तिचा उगमही प्रिय असावा असे मनुष्यास वाटते, आणि नकळत तो त्या उगमावरून पॉलिशचा हात फिरवतो. हे वाक्य लिहिताना मी दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवीत नाही, हे पुढे दिसेल.

आमच्या घरीही एक गोड कथा होती. १९७८ साली वडील अकाली गेले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, आणि ताई मजहून पाच वर्षांनी मोठी. आईने हे यंत्र माळ्यावरून काढून ओसरीवर मांडले. गल्लीतल्या बायकांची पोलकी, बाळंतविड्याची झबली-टोपडी, शाळेचे गणवेश असे काम येऊ लागले. पुढच्या वर्षी ताई दहावी झाली आणि आईशेजारी बसली. आई बेतून देई. ताई डाव्या हाताने कापड सावरून उजव्या हाताने मूठ फिरवी. माझी शाळा, माझे कॉलेज, पुण्यातली माझी दोन वर्षे या सर्वांचा खर्च त्या मुठीच्या फेऱ्यांतून निघाला. या व्यवस्थेचे कारण विचारणाऱ्यास घरात एकच उत्तर मिळे: 'तिला शिवणाची फार आवड.' आई हे म्हणे, मामा म्हणत, आणि पुढे मीही म्हणू लागलो. माझ्या एका सत्कारप्रसंगी, ताई समोर बसलेली असताना, मी हे वाक्य भाषणात कृतज्ञतेने उच्चारले आहे, आणि सभेने टाळ्या वाजवल्या आहेत.

तेव्हा ही पेटी नव्यासारखी करून ताईस नेऊन द्यावी, असे माझ्या मनात आले. जळगावात एका वृद्ध मिस्तरींकडे मी ती घेऊन गेलो, आणि सुटीचे दिवस असल्याने रोज तासभर त्यांच्या दुकानात बसून त्यांचे काम पाहू लागलो. या पेट्यांचे झाकण अखंड लाकडाचे नसते. पातळ पापुद्रे एकावर एक सरसाने चिकटवून, साच्यात वाकवून ते घडवलेले असते. हा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. आमच्याकडील पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तो सुकून ठिसूळ होतो, आणि पावसाळ्यात दमट हवेने नरमतो. असे कित्येक ऋतू लोटले म्हणजे पापुद्रे एकमेकांची साथ सोडतात. मिस्तरींनी बाजारातला पांढरा तयार सरस घेतला नाही. त्यांनी जुन्या पद्धतीचा सरस रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी पाण्याच्या भांड्यात ठेवून, उकळी येऊ न देता ऊन केला. कारण विचारता ते म्हणाले, की हा सरस ऊन पाण्याने पुन्हा सुटतो. माझे काही चुकले असेल तर पुढच्या कारागिरास ते सोडवता येईल. आपली चूक दुरुस्त करण्यास पुढे कोणी येईल असे धरून चालणारे किती प्राध्यापक मी पाहिले आहेत, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे.

पॉलिशची परीक्षा त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने केली. झाकणाच्या आतल्या कडेस बोळा लावताच तो चिकटला. म्हणजे हे चपड्याचे, लाखेचे पॉलिश. लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या एका किड्याची निर्मिती. त्या काळी जगास पुरणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातूनच जाई, आणि १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे तिच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्थाही निघाली. तेव्हा स्कॉटलंडात या पेटीवर चढलेली लाख छोटा नागपूरच्या रानातून गेलेली असावी, आणि फिरून ती धुळ्यास आली, असे मानण्यास जागा आहे. लाखेचा गुण असा, की ती वाळून कितीही वर्षे लोटली तरी स्पिरिटने पुन्हा विरघळते. त्यामुळे भेगाळलेले पॉलिश खरवडून टाकावे लागत नाही. स्पिरिटचा हलका हात दिला की जुनीच लाख सैल होऊन भेगा मिटवते.

मला हे पुरेसे वाटेना. झाकणाच्या माथ्यावर, कडीच्या उजव्या बाजूस, तळहाताएवढ्या जागी पॉलिश पार निघून लाकूड उघडे पडले होते. तळाच्या पुढच्या कडेवर, दोरा तोडण्यासाठी पाते टेकवून टेकवून झालेल्या बारीक खाचांची रांग होती. झाकणाच्या आत शिसपेन्सिलीचे काही आकडे होते. मी मिस्तरींस म्हणालो, 'हे सारे घासून एकसारखे करा, आणि वर नवे पॉलिश चढवा.' त्यांनी उघड्या लाकडावर अंगठा फिरवला आणि अहिराणीत म्हणाले, 'सर, हाई झीज शे, कीड नही.' त्या दिवशी त्यांनी पुढचे काम केले नाही. मी विचार करून यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यास अशा वेळी एक जुना वाद आठवतो. राजा मिलिंदास नागसेनाने विचारले होते, की रथ म्हणजे काय? चाके, आस, जू, दांडी यांपैकी रथ कोणता? भाग बदलत गेले तर तीच वस्तू राहते काय, हा प्रश्न ग्रीकांनी एका जहाजाविषयी विचारला. आमच्या खानदेशात, अमळनेरला, प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. तेथेही अशा प्रश्नांचा खल झालाच असेल. परंतु माझ्यापुढचा प्रश्न तो नव्हता. कोपरा बदलला, पापुद्रे चिकटवले, तरी ही पेटी आमचीच राहणार, याविषयी मला शंका नव्हती. मिस्तरींचा आक्षेप वेगळा होता. जे मी पुसू म्हणत होतो, ते पुसण्याचा मला अधिकार काय, असे ते विचारीत होते.

इंग्रजीत या प्रश्नावर मोठे रण माजले आहे. रस्किनने १८४९ साली असे प्रतिपादिले, की जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार ही मुळातच अशक्य गोष्ट असून त्या नावाखाली जे चालते ते निव्वळ असत्य होय. १८७७ साली विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींस अशा जीर्णोद्धारापासून वाचवण्यासाठी मंडळीच काढली. कॉलेजात असताना या मताने मी भारून गेलो होतो. आता मला त्यात एक उणीव दिसते. वस्तूस हात लावू नये, हे म्हणणे तिची नित्य निगा राखणाऱ्यास शोभते, आणि रस्किनही प्रथम निगाच राखण्यास सांगतो. ज्याने चार वर्षे कुलूप उघडले नाही, त्याने 'मूळ स्वरूप बिघडू नये' म्हणून वाळवी तशीच राहू देणे हा पावित्र्याचा आदर नव्हे. ती आळसास दिलेली तत्त्वज्ञानाची झूल होय.

उलट, हात लावण्याच्या हौसेने काय होते याचे उदाहरण जळगावपासून साठ किलोमीटरच्या आतच आहे. आठवीत असताना शाळेच्या सहलीबरोबर मी अजिंठा प्रथम पाहिले. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात भिंतीवरची चित्रे मला पिवळट, धुरकट दिसली, आणि प्राचीन म्हणजे असेच असणार, असे मी समजलो. त्या पिवळटपणाचा काही भाग प्राचीन नव्हता, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात चेकोनी आणि ऑर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले होते. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा चिकटवला, आणि त्यामुळे कितीतरी चित्रे आज उभी आहेत. परंतु रंग टिकावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगणही दिले. ते रोगण पुढे पिवळे पडले, त्याने रंगांचा तजेला झाकला, आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची अनेक वर्षे गेली. त्याच माणसांनी, त्याच चांगल्या हेतूने, त्याच भिंतीवर एक काम योग्य केले आणि एक अयोग्य. सुटलेले सांधले, हे योग्य. जे होते त्याच्यावर आपला थर चढवला, हे अयोग्य.

आपल्या भाषेतील सर्वांत थोर जीर्णोद्धार मला एकनाथांचा वाटतो. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर नकलकारांच्या हातून पाठ बिघडले होते. एकनाथांनी ते निवडून काढले, आणि त्या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. नाथांसारख्या समर्थ कवीस तेथे स्वतःची भर घालणे काय अवघड होते? पण ती त्यांनी घातली नाही. १९६४ साली व्हेनिस येथे जगातील वास्तुतज्ज्ञांनी जीर्णोद्धाराचे नियम ठरवले. जेथे तर्क सुरू होतो तेथे काम थांबावे, आणि नवा जोड मुळापासून ओळखता यावा, हे त्यांतील दोन मुख्य नियम. त्यांचा आशय पैठणास पावणेचारशे वर्षे आधीच कोणी आचरला होता, असे म्हणावयास हरकत नसावी.

या सर्वांतून मिस्तरींच्या चार शब्दांचा अर्थ मला हळूहळू उलगडला. जीर्ण वस्तूवर दोन प्रकारच्या खुणा असतात. एक झीज, ती वापराने होते. दुसरी कीड, ती हयगयीने लागते. दोन्हींस आपण सरसकट 'खराबी' म्हणतो, ही आपली चूक. वाळवीने खाल्लेला कोपरा, सुटलेले पापुद्रे, भेगाळलेली लाख ही सारी घर कुलुपात ठेवणाऱ्याची, म्हणजे माझी, करणी. ती निस्तरणे हे माझे कर्तव्य. तळहाताने उघडे पडलेले लाकूड आणि पात्याच्या खाचा ही मात्र कोणाच्या तरी श्रमाची मिळकत आहे. ती झीज पुसून मी पेटीस तिचे रूप परत देणार नव्हतो; पेटीजवळ असलेला एक पुरावा नाहीसा करणार होतो. दुसऱ्या दिवशी मी मिस्तरींस जाऊन सांगितले, की कीड काढा आणि झीज राहू द्या. कोपऱ्यास सागाचा तुकडा बसवला. तो रंगवून लपवला नाही. आतले आकडे तसेच ठेवले.

निबंध येथे संपवता आला असता, आणि मी तो मनात संपवलाही होता. परंतु आषाढात मी पेटी घेऊन धुळ्यास ताईकडे गेलो.

ताई आता साठी उलटलेली आहे. तिने पेटीभोवती एक नजर फिरवली, झाकण उचलून बाजूस ठेवले, चाक हाताने थोडे फिरवले आणि विचारले, 'मशीनला तेल घातलेस का?' मी घातले नव्हते. पेटीवर दोन महिने आणि एक निबंध खर्च करणाऱ्या मला यंत्रात तेल घालण्याचे सुचले नव्हते. तिने तेलाची कुपी काढली आणि एकेका भोकात थेंब सोडू लागली. मी झाकण उलटे करून तिला आकडे दाखवले. 'तुझ्या हातचे म्हणून पुसू दिले नाहीत,' मी म्हणालो, 'फ्रॉकांचा हिशेब दिसतो.' वर 'फॉ.' असे काहीसे अक्षर होते. खाली दोनदोन, तीनतीन रुपयांची रांग, बेरीज एकेचाळीस. मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली 'भा. स. ४०'. ते कोणा गिऱ्हाइकाचे नाव असावे, असे मी धरले होते.

ताईने चष्मा शोधून लावला. 'फ्रॉक नव्हे रे,' ती म्हणाली, 'फॉर्म. बारावीला बाहेरून बसणार होते ना मी.' खालच्या ओळीविषयी ती काही बोलली नाही. मला विचारण्याची गरज उरली नव्हती. घरात मला भाऊ म्हणत. आठवीच्या वर्षी, १९८० साली, अजिंठ्याच्या सहलीचे चाळीस रुपये शाळेत भरावयाचे होते. ते भरण्याच्या शेवटच्या दिवशी आईने ते माझ्या हाती ठेवले, आणि ते कोठून आले हे मी विचारले नव्हते.

आवडीची कथा ही आमच्या घराने ताईच्या आयुष्यावर चढवलेली लाख होती. पॉलिश करणारे आम्ही सारेच होतो, आणि त्याची चकाकी सर्वांत अधिक मला उपयोगी पडली. लाकडावरची झीज ओळखण्याइतका शहाणपणा मला एका मिस्तरींनी शिकवला; पण ती झीज ज्या हाताची, तिला ती राहावी असे वाटते की नाही, हे विचारण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. झीज ही झिजणाऱ्याची मिळकत, असे मी मोठ्या समाधानाने ठरवले होते. मग ती ठेवावयाची की पुसावयाची, लोकांस दाखवावयाची की झाकावयाची, हे ठरवणारा मी कोण? वस्तूचा जीर्णोद्धार करताना आपण पुष्कळदा आपल्याच प्रतिमेचा जीर्णोद्धार करीत असतो. नव्या पॉलिशने तो होतो, तसाच जुन्या खुणा जपण्यानेही होतो, ही गोष्ट रस्किनने मला सांगितली नव्हती. आणि पेटी दुरुस्त झाल्याने चाळीस रुपयांचे देणेही फिटले नाही. ते फॉर्म भरण्याची तारीख गेली तेव्हाच न फिटणारे झाले.

मी तिला विचारले, 'पुसून टाकू का?' ती थोडा वेळ थांबली. 'आता काय पुसायचे,' ती म्हणाली, 'राहू दे. पण पेटी दिवाणखान्यात मांडायची नाही. आत ठेव, मला लागेल.' नातवाची झबली ती त्याच यंत्रावर शिवते आहे.

हा निबंध छापावयास देण्यापूर्वी मी तीस वाचून दाखवला. तिची संमती नसती तर तो येथे आला नसता. तिने एकच दुरुस्ती सांगितली. 'आवड नव्हती असे कोणाला वाटू देऊ नकोस,' ती म्हणाली. 'आवडही होती.' ते तिच्याच शब्दांत येथे नोंदवतो.